एका पहाटे बिगुल वाजला नाही

सासूबाई चुलीपाशी बसून दुधाला दटावत होत्या, "उतू जाशील तर बघ हं!" आणि सूनबाई मान खाली घालून कणीक मळत होती. नवरा आत झोपला होता. लढाई संपल्याला किती दिवस लोटले, गल्लीतले बाकीचे केव्हाच परतले, हा मात्र काल संध्याकाळी उगवला, तोही पुढच्या दातांशिवाय. "पडलो," एवढंच म्हणाला. तिनं विश्वास ठेवला नाही, पण खोदून विचारलंही नाही.

दारावर थाप पडली. थाप कसली, धडकाच. तो दचकून उठला आणि चादरीची चौकोनी घडी घालूनच बाहेर आला.

दारात हवालदार होता. याच गल्लीतला, त्याच्याच तुकडीतला, आता कारखान्यात मुकादम. मागे कामावरचे दोघे.

"काय बिगुल्या, आजही सगळ्यांना झोपूच द्यायचं का?"

मागचे दोघे खिदळले.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"सांगितलं नाही वाटतं वहिनींना!" हवालदार खुर्चीत ऐसपैस बसला आणि सांगत सुटला.

लढाई संपली, पण सगळ्यांना घरी न्यायला गाड्या पुरेनात. माणसं माळावरच्या छावणीत अडकून पडली. रिकामी बसली तर बिथरतील, म्हणून साहेबानं शिस्त आणखी आवळली. उजाडायच्या आत बिगुल, मग कवायत, मग दिवसभर चर खणायचा आणि संध्याकाळी तोच बुजवायचा. अशाच एका गारठलेल्या पहाटे यानं बिगुल ओठांपर्यंत नेला, ओळीनं झोपलेल्या माणसांकडे पाहिलं आणि तसाच खाली ठेवला.

"लेकरांसारखे झोपलो," हवालदार म्हणाला. "खोटं कशाला बोलू? तशी झोप पुन्हा लागली नाही."

साहेब ओरडला नाही. त्यानं त्या तुकडीची घरी जायची पाळी उचलून शेवटी टाकली, बस्स. मग जवानांनीच बिगुल्याला घोंगडीत गुंडाळून बुटांनी तुडवलं. दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याला फुटक्या तोंडानं बिगुल वाजवायला लावला. नुसती फुर्रफुर्र निघाली. ज्यांना त्यानं झोपू दिलं होतं, तेच पोट धरून हसले. शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत रोज हेच. मग याला सोडलं.

"मी पोचलो तेव्हा माझी आई गेलेली होती," हवालदार म्हणाला. "शेवटी शेवटी खाट दाराकडे वळवून घेतली होती म्हणे तिनं."

"माझ्या मनात वाईट नव्हतं, हवालदारसाहेब. दमले होते सगळे."

"तुला कोणी विचारलं होतं?"

हवालदार खुर्चीतून उठला.

"काम देतो," हवालदार म्हणाला. "दुसरं कोणी तुला दारातही उभं करणार नाही. पण पाळी सुरू होताना, जेवणाच्या सुट्टीला आणि सुटताना गेटवर उभं राहून वाजवायचं. बिगुल नको, नुसत्या तोंडानं. पोरांची तेवढीच करमणूक. चल, दाखव."

"अहो, नका," ती म्हणाली.

"नका काय नका!" चुलीजवळून सासूबाई कडाडल्या. "उद्यापासून काय वारा खायचा सगळ्यांनी? वाजव रे!"

त्यानं टाचा जुळवल्या. मूठ तोंडाला लावली. फुर्र झालं आणि हनुवटीवरून थुंकी ओघळली. मागचे दोघे भिंतीला टेकून हसले. हवालदार हसला नाही.

"उद्या ये," म्हणाला आणि निघून गेला.

त्यानं बाहीनं हनुवटी पुसली. गल्लीतल्या बायका दुपारी नवऱ्यांचे डबे घेऊन गेटवर जायच्या, दोन शब्द बोलून यायच्या. हिनं आजवर खिडकीतून त्यांना जाताना तेवढं पाहिलं होतं.

"उद्या डब्यात काय देऊ?" शेवटी तिनं विचारलं.

"काहीही चालेल. पण सकाळीच माझ्याजवळ दे. दुपारी गेटवर येऊ नकोस."