धोंड्याचा जावई आणि बोटीचा पत्रा

जेट बोट दुरुस्त करण्याचा मला अजिबात अनुभव नाही, ही गोष्ट मला ती दुरुस्त करून झाल्यावर कळली. तोवर मी स्वतःला जाणकार समजत होतो. परभणीला आमच्या कचेरीतला बंद पडलेला कूलर मी एकदा चालू करून दाखवला होता. (त्याची पिन निघालेली होती. पण ती निघालेली आहे, हे ओळखलं कोणी?)

गोष्ट मागच्या धोंड्याच्या महिन्यातली. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो आणि आमच्याकडे त्या महिन्यात जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. जावई म्हणजे त्या दिवशी साक्षात नारायण! त्याचे पाय धुतात, कपाळाला गंध लावतात, हातात तेहतीस अनारशांचा डबा देतात. आणि नारायणाला कोणी 'तुम्हाला यातलं कळत नाही' असं म्हणत नाही. पुढचं सगळं या एका रीतीमुळे घडलं.

माझी सासुरवाडी जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या धरणाजवळ. मेहुणा दिगंबर चौतीस वर्षांचा, सरळ, कमी बोलणारा आणि बिनलग्नाचा. शेती होतीच, पण त्यानं कोकणातून एक जुनी जेट बोट ट्रकवर घालून आणली होती आणि रविवारी येणाऱ्या लोकांना तो धरणात फिरवायचा. या बोटीला मागे पंखा नसतो. ती पोटाखालून पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते, त्या जोरावर पळते. गावात तिला विमान म्हणत. मुलीकडच्या लोकांना मात्र विमानाचं कौतुक नव्हतं. मुलगा बोट चालवतो म्हटलं की ते चहा अर्धा ठेवून उठत. अशी पाच-सहा स्थळं उठून गेल्यावर दिगंबरनं त्या विषयावर बोलणंच सोडून दिलं होतं.

तेव्हा सहावं की सातवं स्थळ मीच आणलं. पोखर्णीचे मारोतराव आणि त्यांची मुलगी मीरा. मीरा परभणीत मामाच्या दुकानात खिडक्यांच्या काचा सिलिकॉन लावून बसवायचं काम करायची. मारोतरावांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "बोट खरंच चालती का, तेवढं डोळ्यानं बघू द्या. मग पुढचं बोलू." अधिक महिन्यात लग्नाचं बोलत नाहीत, म्हणून त्यांनी 'नुसतं धरण बघायला' यायचं ठरलं. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळेच धरणाबद्दल बोलत होते. मी त्यांना रविवारचं बोलावणं देऊन टाकलं. दिगंबरला विचारायचं राहिलं.

शनिवारी सकाळी मी आणि माझी बायको शैला पोहोचलो, तर बोट अंगणात ट्रॉलीवर चढवलेली आणि दिगंबर तिच्या खाली उताणा. बोटीच्या तळाला, पाणी ओढायच्या तोंडाशी, एक पत्रा असतो. त्याच्या कडेची फट बुजवणारं सिलिकॉन जागोजाग सुटलं होतं. तिथून हवा शिरायची आणि बोटीचा जोर जायचा. पत्रा काढून, जुनं सिलिकॉन खरवडून नवीन लावायचं होतं. स्क्रू सगळे निघाले होते, पण जिथं सिलिकॉन धरून होतं तिथं पत्रा हलायला तयार नव्हता.

"मंगळवारपर्यंत हुईल," दिगंबर म्हणाला. "तंगूस घालून हळूहळू कापत न्यावं लागतंय."

तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. एवढ्या मोठ्या यंत्राला मासे धरायची दोरी! मला हसू आलं. मग रविवारचं बोलावणं आठवलं आणि हसू थांबलं. मी त्याला ते सांगितलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्याला काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मी बाह्या सरसावल्या आणि म्हणालो, "आजच करू. मी आहे ना."

शैलानं भावाला बाजूला घेतलं. मला ऐकू येईल इतपतच हळू आवाजात ती म्हणाली, "यांच्या हातात हत्यार देऊ नको, दिगू. आमच्या न्हाणीतला नळ यांनी दुरुस्त केला, तवापासून त्याच्याखाली बादली हाय."

"धोंड्याला आलेत, ताई," दिगंबर म्हणाला. "न्हाई कसं म्हनू?"

मी आधी गरम पाणी ओतलं. मग रॉकेल. मग हातोडी घेतली. सासरे अण्णा, सत्तरी ओलांडलेले, माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे राहिले, कारण नारायणाला ऊन लागता कामा नये. मी बोटीखाली सरकलो की छत्रीही सरकायची, आणि तिची काडी दिगंबरच्या कानात जायची. हातोडीनं भागेना, तेव्हा मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मागवली. सब्बलीनंही भागेना, तेव्हा मला ट्रॅक्टरची कल्पना सुचली. पत्र्याला दोरखंड बांधायचा, दुसरं टोक ट्रॅक्टरला, आणि एकच झटका!

झटका बसला. पत्रा जागेवरच राहिला. ट्रॉली मात्र बोटीसकट निघाली, अंगणातून बाहेर पडली आणि शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये चाळीस पावलं आत गेली. अण्णा छत्री घेऊन मागे पळाले. माझ्या डोक्यावर धरायची होती, पण गडबडीत ते बोटीवर धरून पळत होते. शेजारी बांधावर आला, माझ्या कपाळावरचं गंध बघून म्हणाला, "जावई हायेत व्हय? मग ऱ्हाऊ द्या," आणि परत गेला. बांधावरून ट्रॉली माघारी आणताना असा दणका बसला की पत्रा आपोआप खाली पडला. त्याबरोबर तळाच्या फायबरचा तळहाताएवढा टवकाही निघाला. मी म्हणालो, "बघ, निघाला की नाही."

आता नवीन सिलिकॉन लावायचं. दिगंबर पातं घेऊन जुनं खरवडायला बसला. त्याला दोन बोटं जागा साफ करायला अर्धा तास लागला. मी ते पातं काढून घेतलं.

"दाजी, जुन्यावर नवं धरत न्हाई म्हनतेत," तो म्हणाला.

"अरे, जुनं म्हणजे पाया. त्यावर नवं, म्हणजे दुप्पट मजबूत."

"तुमी म्हनता तर तसं."

मी सिलिकॉनच्या तीनही नळ्या पिळून काढल्या. टवका निघालेल्या जागेतही सिलिकॉन भरलं, वर पत्रा बसवला, स्क्रू आवळले आणि बाहेर आलेलं सगळं बोटानं फिरवून असं गुळगुळीत केलं की सासूबाई कौतुकानं बघायला आल्या. नळीवर चोवीस तास वाळू द्या असं लिहिलं होतं. मला वाटलं, कंपन्या आपल्या बचावासाठी असं लिहितात. मी बोटीखाली टेबलफॅन लावला आणि धोंडे खायला बसलो. अकरा खाल्ले.

रविवारी सकाळी पाहुणे आले. बोट पाण्यात उतरवली. लाइफ जॅकेट घालून दिगंबर, मारोतराव, मीरा आणि मी असे चौघं बसलो. मी अनारशांचा डबा बरोबर घेतला होता, पाहुण्यांना मधोमध गेल्यावर द्यायचा म्हणून. बोट सुटली ती खरंच विमानासारखी. मारोतरावांची टोपी उडाली, ती मीरानं पकडली आणि हसली. दिगंबर तिच्याकडे बघून पहिल्यांदाच हसला. मला वाटलं, जमलं! मी डब्याचं झाकण उघडलं.

तेवढ्यात पोटाखालून कोणीतरी लोखंडी पलंग ओढल्यासारखा आवाज आला. इंजिन किंचाळायला लागलं आणि बोट मात्र जागच्या जागी. मग माझे पाय गार पडले. खाली बघितलं तर पाणी घोट्यापर्यंत आलेलं.

"ह्ये असंच असतंय का?" मारोतरावांनी विचारलं.

उपसायला भांडं नव्हतं. मीरानं माझ्या हातातून डबा घेतला, तेहतीस अनारसे धरणात ओतले आणि पाणी उपसायला लागली. (अधिक महिन्यात दान करावं म्हणतात. मासे तरी तृप्त झाले.) शेवटी मासे धरणाऱ्या दोघांनी त्यांच्या वल्ह्याच्या होडीला बांधून आमचं विमान काठाला आणलं. निम्मं गाव काठावर उभं होतं. अण्णा छत्री घेऊन गुडघाभर पाण्यात आले आणि त्यांनी ती माझ्या डोक्यावर धरली.

बोट ट्रॉलीवर ओढली. पत्रा एका स्क्रूवर लोंबत होता. मारोतराव वाकून बघून म्हणाले, "हे काम कुनी केलं?"

हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी तिथून तीन पावलांवर उभा होतो. तोंड उघडायला भरपूर वेळ होता. मी धरणाकडे बघितलं. धरण फार सुंदर दिसत होतं.

"मी केलं, मामा," दिगंबर म्हणाला.

"मग काय बोलायचं," मारोतराव म्हणाले आणि ओली टोपी पिळायला लागले. हेही स्थळ उठत होतं. दिगंबर खाली मान घालून दोरी गुंडाळत होता, आणि मी, पन्नाशीचा माणूस, त्याच्यामागे लपलो होतो.

मीरा मात्र बोटीखाली बसली होती. तिनं माझ्या सिलिकॉनचं एक टोक धरून ओढलं. अख्खा पट्टा चकलीसारखा सरळ निघून आला. तिनं तो उन्हात धरला, उलटसुलट करून बघितला आणि वडिलांपुढे केला. गुळगुळीत पट्ट्यावर बोट फिरवल्याची रेघ होती, आणि त्या रेघेशेजारी थेट शेवटपर्यंत अंगठीचा चरा.

"बाबा, ह्यांच्या हातात अंगठी न्हाई," ती दिगंबरकडे बघून म्हणाली.

अंगठी कोणाच्या हातात आहे हे बघायला काठावरचा प्रत्येक माणूस वळला. ती लग्नात अण्णांनीच घातलेली. मी हात खिशात घालायला गेलो, पण खिसा ओला होता, हात आत जाईना.

"मी केलं," मी म्हणालो. "आणि रविवारचं बोलावणंही त्याला न विचारता मीच दिलं. त्याला मंगळवारपर्यंत वेळ पाहिजे होता."

मारोतरावांनी ओली टोपी डोक्यावर चढवली. मग मला म्हणाले, "तुमचं काम बघितलं. आता पोराचं काम बघून जातो." मीरानं मासे धरणाऱ्यांकडून तंगुसाची दोरी मागून घेतली. दुपारभर ती आणि दिगंबर दोन टोकं धरून बोटीखाली उरलेलं सिलिकॉन कापत बसले. तिथे ते बोललेही असावेत. मला जवळ जायची परवानगी नव्हती. महिना सरताच साखरपुडा झाला.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. दिगंबर आता स्वतः पोखर्णीचा नारायण आहे. मला सासरहून बोलावणं आलं नाही. जिंतूरच्या एसटीनं डबा आला. धोंडे, अनारसे सगळं रीतीप्रमाणे. डब्याच्या झाकणाला बाहेरून गोल सिलिकॉन लावलेलं, एकसारखं, पूर्ण चोवीस तास वाळवलेलं, मीराच्या हातचं. सोबत ते कापायला तंगुसाचं छोटं रीळ होतं. मी ते उचलायला गेलो, तर शैलानं डबा आपल्याकडे ओढला आणि मला छत्री धरायला सांगितली.