सम-विषम तारखांची गाडी

आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा फणस चार होते, भाऊ दोन होते आणि गाडी एक होती.

फणसांचं लगेच जमलं. काजूंचं जमलं, माडांचं जमलं. (विहीर सामाईक ठेवली, कारण ती उचलून नेता येत नाही.) गाडीपाशी आल्यावर मात्र पंच म्हणून बसलेले नानाकाका तोंडातलं पान नुसतंच चघळत राहिले. नानाकाका म्हणजे माझे चुलत सासरे. आमच्या वाडीत त्यांच्याशिवाय कोणाची वाटणी होत नाही. त्यांची स्वतःची अजून झालेली नाही!

"आता हिका काय कापतलास?" शेवटी ते म्हणाले.

गाडी ह्यांनी आणि दिगूने, म्हणजे माझ्या धाकट्या दिराने, मिळून घेतलेली. जुनीच. दोडामार्गच्या एका काजू बागायतदाराकडून. मागे ऐसपैस डिकी असलेली, लहानशी, बांगड्याच्या पाठीसारख्या रंगाची. त्या बागायतदाराने डिकीतून वर्षानुवर्षं काजूची बोंडं वाहिली होती आणि तो दारूसारखा आंबूस वास गाडीत असा मुरला होता की आमच्या गाडीतून कोणीही उतरलं तरी लोक एक पाऊल मागे सरकून त्याचं तोंड हुंगायचे. आमच्या सत्यनारायणाला आलेले भटजीसुद्धा यातून सुटले नाहीत.

पण भावांचा तिच्यावर जीव! रविवारी दोघं मिळून तिला आंघोळ घालायचे. एक बादली ओतणार, दुसरा चोळणार. माझ्या दोन्ही मुलांना त्यांच्या बापाने इतक्या मायेने कधी चोळलं नव्हतं.

मग आमच्या मोरीचं पाणी दिगूने लावलेल्या सुपाऱ्यांत जातं, यावरून भांडण झालं. भांडण तीन दिवसांत संपलं. अबोला राहिला. त्यातून वाटणी झाली, मधे चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, उभा राहिला आणि त्या गडग्याच्या ह्या बाजूला आमचं अंगण, त्या बाजूला त्यांचं.

"देवाची पाळी कशी आसता?" नानाकाकांनी तोड काढली. "एक वर्स ह्यांची, एक वर्स त्यांची. गाडयेची तशीच करा."

"आणि दुसऱ्यान वर्सभर काय चलत जावचा?" माझी जाऊ वैशाली म्हणाली. तिचं बरोबर होतं.

आता, माझी मसाल्याची गिरण आहे. बायका सकाळी मिरच्या घेऊन येतात, दुपारी पूड घेऊन जातात. कोणाचं काम अडवून ठेवायचं नाही ही माझ्या हाताची सवय. मी म्हटलं, "सोपा आसा. विषम तारखेक गाडी आमची, सम तारखेक तुमची."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. नानाकाका म्हणाले, "हिका वकील करूक व्हया होती!" मी दोन दिवस अंगणातून जरा ताठ चालले.

मग महिनाअखेर आली. एकतीस तारीख आमची. दुसऱ्या दिवशी एक तारीख. तीही आमची! दिगू गडग्यावरून मला म्हणाला, "वयनी, दादाक सांग, ही लबाडी आसा."

हे माझ्या शेजारीच उभे होते. म्हणाले, "तेका सांग, क्यालेंडर मी छापूक नाय."

मी दोघांच्या मधे उभी राहून दोघांनाही ऐकू गेलेलं दोघांना सांगितलं. शेवटी एकतीस तारखेला गाडी कोणीच काढायची नाही असं ठरलं. शाळेला रविवार, तसा गाडीला एकतीस. दारात गाडी, डिकीत वास, आणि आम्ही दोन्ही कुटुंबं मालवणच्या बाजाराला रिक्षाने!

दुरुस्तीचीही वाटणी झाली. पुढची चाकं आमची, मागची त्यांची. इंजिन आमचं, डिकी आणि दिवे त्यांचे. आमचे गॅरेजवाले अंतोन मेस्त्री भला माणूस, पण क्लच गेला त्या दिवशी त्यांनी मला फोन करून विचारलं, "वयनी, माका एक सांग गो. क्लच कोणाचो?"

क्लच कोणाचाच नव्हता! वाटणीत राहून गेला होता. गाडी सतरा दिवस अंतोनच्या शेडमधे पडून राहिली. आजारी माणसाला बघायला जावं तसे दोघे भाऊ तिला बघायला जायचे. एकदा दोघं एकाच वेळी गेले. अंतोन मला सांगत होते, "एकाच बाकड्यार बसले गो दोगय. च्या घेतल्यानी. दोन तास बोलले. पण दोगय माझ्याशीच! हो सांगता, 'लहानपणी आमी दोगां पोहूक जाय होतो.' मगे तो सांगता, 'एकदा मी बुडाक लागलंय, तेव्हा दादान केसांक धरून वर काडल्यान.' दोन तास मी नुसतो मान हलवतंय!"

मी तेव्हा खूप हसले होते.

त्यांच्या चिठ्ठ्यांनाही हसायचे. गाडीच्या समोरच्या खणात दोघांनी शाळेची एक वही ठेवली होती. विषम तारखेला हे लिहायचे, सम तारखेला दिगू.

"डाव्या चाकात हवा कमी."

"भरलंय. हॉर्न कित्याक इतको वाजवतंस? गुरां बिथारतत."

"गाडयेत मासे हाडलंस, डिकी धुवक नको?"

"मासे न्हय, सरंगो होतो. वयनीक धाडलेलंय. खाल्लंस मां?"

"खाल्लंय. बरो होतो."

पन्नाशी उलटलेले दोन पुरुष एका वहीत असलं काही लिहीत बसतात, हा मला निव्वळ वेळेचा अपव्यय वाटायचा. तसाच सकाळचा प्रकार. सहा वाजता चावी गडग्यावरच्या चिऱ्याखाली ठेवायची. ती ठेवायला एक माणूस पुरतो आणि घ्यायला एक. पण रोज दोघंही नेमके सहालाच गडग्यापाशी! ब्रश तोंडात, पाठ एकमेकांकडे, नजर माडांच्या शेंड्यावर. दहा-दहा मिनिटं दात घासायचे. इतके दात दोघांना मिळूनही नव्हते.

खाऱ्या वाऱ्याने शेवटी गाडीचं तळ खाल्लं. एक दिवस मी पाय टेकवला आणि चप्पल रस्त्यावर राहिली! अंतोन म्हणाले, पत्रा मारता येईल, अजून चार-पाच वर्षं जातील. मी मनात म्हटलं, आणखी पाच वर्षं सम-विषम? नको.

मग मी ती हुशारी केली.

रात्रीच्या जेवणाला ह्यांना म्हटलं, "दिगूक आता गाडी नको आसा म्हणे."

त्यांचा घास हातात राहिला. "तो म्हणालो तसा?"

"वैशाली म्हणत होती."

"तेका नको, तर माका कित्याक व्हयी?" असं म्हणून ते ताक न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी वैशाली गिरणीत आली. तिला म्हटलं, "ह्यांका गाडी आता ओझा वाटता गो." संध्याकाळी ती निरोप घेऊन आली. दिगू काय म्हणाला? "तेका नको, तर माका कित्याक व्हयी?" शब्दाला शब्द तोच! दोन दिवसांत दोघांचा होकार. मी स्वतःवर भलतीच खूश.

कुडाळचा एक माणूस न्यायला आला. दोघं भाऊ गडग्याच्या दोन बाजूंना उभे. तो गाडी सुरू करत होता तेव्हा हे म्हणाले, "तिसरो गियर घालताना—"

"—वायच वर उचलूचो लागता," दिगू म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गाडी वळणावरून गेली. दोघं आपापल्या घरात शिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हे ब्रश घेऊन गडग्यापाशी. दिगूही होता. तिसऱ्या दिवशीही होता. मग तो मागच्या दारी दात घासायला लागला. त्याचं तरी काय चुकलं? चावीच नाही, तर गडग्यावर काय काम?

हे मात्र जात राहिले. परत येऊन मला विचारायचे, "आज तारीख किती?" मी सांगितलं की "हां" म्हणायचे आणि मग, तारखेचं आता काहीच करायचं नाही हे आठवून, वर्तमानपत्र उघडायचे. ह्यांचे आईवडील गेले, बहीण नाही. लहानपणी कोण बुडालं आणि कोणी केसांना धरून वर काढलं, हे ठाऊक असलेली जगात दोनच माणसं. त्यांचं बोलणं एका जुन्या गाडीच्या खणात चाललं होतं, आणि मी गाडी विकली. वहीसकट!

गाडी परत घ्यायला मी एकटीच कुडाळला गेले. ती सुटी झाली होती. दरवाजे कोणाला, इंजिन कोणाला. पुढची सीट एका सलूनात गेली होती. वहीचं विचारलं तर तो माणूस म्हणाला, "रद्दी होय ती?"

मग मी सरळ गुन्हा कबूल करायचं ठरवलं. दोघांना गडग्यापाशी बोलावलं आणि सांगितलं, "दिगू, तुझ्या दादान गाडी नको म्हणून कधी सांगूक नाय. आणि अहो, दिगूनय नाय. दोनय खोटा मीच सांगलंय."

मग दिगू म्हणाला, "दादा, आयकलंस?"

दादा! पाच वर्षांनी!

"आयकलंय," हे म्हणाले. "सव्वीस वर्सां आयकतंय."

"आवशीचो तांब्याचो हंडो पण हिनाच मोडीत घातल्यान मां?"

"हिनाच! आणि माजी सायकल?"

"सायकलय? अरे देवा!"

माझी इतकी निंदा मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि इतक्या आनंदाने तर मुळीच नाही. सासूबाईंचा हंडा झाला, सायकल झाली, जुना पाटा झाला. मग माझे गुन्हे संपले. दिगू पायाकडे बघायला लागला.

"बरा मगे," हे म्हणाले.

"बरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यावर पुन्हा हे एकटेच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या दोघांना बोलतं ठेवायचं असेल तर मला सारखी नवी चूक करायला हवी. मी लगेच कामाला लागले. परवा दुपारी दिगूच्या अंगणात कोकमाची सोलं वाळत घातली होती, ती मी गडगा ओलांडून पाटीसकट उचलून आणली. हिशोब असा, की दिगू संतापेल, तरातरा येईल आणि म्हणेल, 'दादा, तुझ्या बायलेक काय म्हणूचा!'

तो आला. हे पडवीत बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"वयनी," दिगू मला म्हणाला, "सोलां तू व्हरलंस?"

"व्हय," मी शक्य तितक्या उर्मटपणे म्हणाले.

"बरा केलंस. वायच ओली आसत, अजून दोन दिवस उन्हात घाल. आणि व्हयी तर आणखी देतंय."

आणि तो गेला. ह्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं.

मी ती सोलं दोन दिवस उन्हात घातली. उत्तम वाळली. मी ठरवून केलेली चूकसुद्धा इतकी व्यवस्थित होते, की कोणाचं काही म्हणून बिघडत नाही.