तिसरी हाक

आधी शर्टाचा खिसा चाचपायचा, मग टाकीच्या तोंडाशी वाकून हाक द्यायची. "कोन है अंदर?" एकदा. "कोन है अंदर?" दोनदा. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, तिसऱ्यांदा नुसतंच "कोन है?" टाकीत कुणी नाही हे त्यांनाही ठाऊक, आम्हालाही ठाऊक. आत्ताच तर आम्ही सगळे तिच्यातून बाहेर येऊन पाय पुसत उभे असायचो. तरी तीन हाका झाल्याशिवाय चाचांनी कधी मोटर सुरू केली नाही.

तुमच्याही कॉलेजात किंवा ऑफिसात असा एखादा माणूस असेल. नळ गळला, दिवा गेला की सगळे त्याच्या नावानं ओरडतात आणि काम झालं की तो दिसेनासा होतो. आमचे चाचा तसेच. हुद्दा वायरमनचा, पण प्लंबिंग, पंप, लिफ्ट, गच्चीवरच्या टाक्या, सगळं त्यांच्याकडं. त्यांचे वडील निजामाच्या काळात आबरसानीत, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या खात्यात होते. "पोलीस ॲक्शन हुआ, खात्याचं नाव बदललं," चाचा सांगायचे, "पाना वहीच रह्या." तो पाना त्यांच्या पिशवीत होता. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

आमचा डिप्लोमा इमारतींच्या देखभालीचा. पाणी कसं चढतं, वीज कशी फिरते, घाण कुठून जाते, हे शिकायचं. सिव्हिलची पोरं आम्हाला 'नळदुरुस्ती' म्हणून चिडवायची. आमच्या वर्गात पोरी दोनच, त्यातली एक मी, पाचोडहून आलेली. तोंडानं फटकळ. एकदा मी चाचांजवळ या चिडवण्याचं रडगाणं गायले, तर ते हसले. "वो लोगां बांधके चले जाते बेटा. बाद में इमारत किसके भरोसे? अपने."

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना गाव विचारलं होतं. मी पाचोड म्हणाले. ते हातातलं टेस्टर उगाच पुसत राहिले. मग पुढच्या मुलाकडं वळले. मला वाटलं, खेड्यातली पोरगी बघून यांचं तोंड उतरलं. मनात म्हटलं, बघाच आता, तुम्हाला दाखवतेच मी. असा माझा स्वभाव.

वर्गात सर थिअरी शिकवायचे आणि प्रॅक्टिकलला चाचांच्या ताब्यात द्यायचे. चाचांचे नियम मोजके. टाकीत उतरण्याआधी मोटरीचा फ्यूज काढायचा तो आपल्या हातानं. काढलेला फ्यूज आपल्या खिशात ठेवायचा. पांढऱ्या चिनीमातीचा तो ठोकळा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा. खिसा फाटला तरी चालेल, पण फ्यूज बाहेर ठेवायचा नाही. टाकीत एक जण उतरला की एक जण वर उभा पाहिजे. त्याचं नावच 'वरचा माणूस'. त्यानं बाकी काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं. आणि उतरलेल्यानं वर येऊन, वरच्या माणसासमोर उभं राहून, आपल्या तोंडानं "आलो" म्हणायचं. मान हलवलेली चालायची नाही. एकदा एका पोरानं हसत हसत नुसता हात वर केला, तर त्याला पुन्हा खाली उतरवून वर यायला लावलं.

"चाचा, पण दिसतंय की तो वर आलाय," मी म्हणाले.

"डोळे फसतात. मुँह से बोलना."

"आणि तीन हाका कशाला? एकीत भागत नाही व्हय?"

"पहिली कानासाठी. दुसरी खात्रीसाठी."

"आणि तिसरी?"

चाचांनी खिसा चाचपला आणि "चलो, झाडू घ्या, पंपघर साफ करा," म्हणाले.

आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागं त्यांची नक्कल करायचो. मेसमध्ये डाळीच्या पातेल्यात वाकून "कोन है अंदर?" म्हणायचं, आणि वाढणारी बाई डाव घेऊन मागं लागायची. मी सगळ्यांत चांगली नक्कल करायचे. आज ते आठवलं की जीव शरमिंदा होतो.

दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सोमवारचा दिवस. मी गावाहून येत होते आणि एसटी वाटेत बंद पडली. प्रॅक्टिकल मुलींच्या होस्टेलच्या पंपघरात होतं आणि त्या दिवशी वरचा माणूस म्हणून पाळी माझी होती. बॅग घेऊन तशीच धावत गेले, तर वर्गातलं कुणीच तिथं नाही. सर येणार नाहीत म्हणून बाकीची पोरं चहाला पसार झाली होती, हे मला नंतर कळलं. वर गॅलरीत पोरी बादल्या बडवत होत्या. रेक्टरबाई जिन्यातून ओरडल्या, "अगं तू शिकतेस ना हे? सकाळपासून थेंब नाही, बघ जरा!"

मी बोर्ड पाहिला. होस्टेलची मोटर छोटी, एकाच फ्यूजवर चालायची, आणि त्या फ्यूजची जागा रिकामी होती. मला वाटलं, फ्यूज जळला असेल आणि चाचा त्याला तार घालायला घेऊन गेले असतील. शेजारी पंपघराच्या दिव्याचा फ्यूज होता, तोच मापाचा. सगळ्या पोरी बघत होत्या. मी दिव्याचा फ्यूज उपसला आणि मोटरीच्या जागी दाबला.

मोटर घूं करून उठली आणि खाली, जमिनीखालच्या टाकीत, पत्र्याची बादली आपटली.

मी फ्यूज ओढला. किती वेळ मध्ये गेला, दोन सेकंद की तीन, मला आजही सांगता येत नाही. मग लोखंडी शिडीवर बूट वाजला. आणखी एक वाजला. चाचांचं डोकं वर आलं. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मोटर सुरू झाली तेव्हा त्यांचा हात पाइपावर नव्हता, बादलीच्या कडीत होता. एवढंच.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आलो."

मग माझ्या मुठीतला फ्यूज सोडवून घेतला. दिव्याचा होता, तो दिव्याच्या जागी लावला. स्वतःचा खिसा उघडून दाखवला. मोटरीचा फ्यूज त्यात होता. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि हमसून हमसून रडले. मला वाटलं, आता हे प्रिन्सिपलकडं नेणार. नेलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याजवळ पायरीवर बसले.

"तू कुणाला विचारलं, बेटा?"

"कुणालाच नाय."

"हौ. ते तुझं चुकलं. वरचा माणूस नसताना मी उतरलो, ते माझं. खिशात फ्यूज आहे म्हणून माजलो."

मग टाकीच्या तोंडाकडं बघत ते बोलायला लागले. इथं येण्याआधी ते शहरातल्या एका जुन्या इमारतीत कामाला होते. त्यांचा जोडीदार पाचोडचा. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, दुपारी एकमेकांच्या डब्यातलं खाणारे. "त्याची ज्वारीची भाकर, माझं सालन. लई वर्षं." एकदा तो टाकीत उतरला, खालच्या व्हॉल्व्हमधला कचरा काढायला. फ्यूज चाचांनी काढला आणि बोर्डावर ठेवला. "खिशात बिड्या होत्या ना. जागा नव्हती." व्हॉल्व्हला वायसर लागलं म्हणून ते गुलमंडीला गेले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाणी नाही म्हणून खाली आलं, समोर पडलेला फ्यूज पाहिला आणि लावला. मोटर खराब होती. करंट पाइपात उतरला.

"ज्यानं लावला त्याला मी बोल नाही लावत. समोर पडलेला फ्यूज कुणीपण लावील. मी परत आलो तर मोटर चालू. मी हाक मारली. एकदा, दोनदा."

ते थांबले.

"दोन हाका कामाच्या," ते म्हणाले. "तिसरी त्याची. त्यानं अजून 'आलो' म्हटलंच नाही ना. म्हणून जरा थांबतो. काय माहीत."

ही गोष्ट त्यांनी कॉलेजात दुसऱ्या कुणालाही सांगितली नाही, जोडीदाराचीही नाही आणि माझीही नाही. त्यानंतर मी नक्कल केली नाही. पण खरं सांगते, मला त्या पंपघराची भीती बसली. तिसऱ्या हाकेनंतर चाचा थांबायचे तेव्हा मीही कान द्यायला लागले. खाली कुठंतरी थेंब पडायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. टाकीत कोण होतं? पाचोडचा तो माणूस? की त्या दिवशी माझ्या हातून जाता जाता राहिलेले चाचा?

मी मात्र त्यांची कायमची वरचा माणूस झाले. होस्टेलची टाकी असली की ते निरोप धाडायचे, "पाचोडवाली को बुलाओ." मी येईपर्यंत पायरीवर बसून राहायचे.

शेवटच्या वर्षाची परीक्षा सुरू होती. मी पेपर लिहीत होते आणि त्याच वेळी होस्टेलची मोटर पाणी उचलेना. चाचांनी फ्यूज काढला, खिशात टाकला आणि माझा पेपर सुटायची वाट बघत टाकीच्या झाकणावर बसले. होस्टेलचे माळीमामा म्हणाले, "मी उभा राहतो की वर, उतरा तुम्ही." तर म्हणाले, "नक्को. उसकू आने दो." तिथंच त्यांच्या छातीत कळ आली. माळीमामांनी रिक्षात घालून घरी नेलं, घरच्यांनी डॉक्टरांकडं. पेपर देऊन मी होस्टेलवर आले तेव्हा झाकण रिकामं होतं. दुपारी बातमी आली.

दुसऱ्या दिवशीही होस्टेलला पाणी नव्हतं. ऑफिसानं एक वायरमन धाडला. त्याच्या हातात नवा फ्यूज होता. मी बोर्डासमोर उभी राहिले.

"लावू नका."

"का हो ताई?"

"ज्याचा फ्यूज त्याच्या खिशात आहे. तो आणल्याशिवाय नाही."

"अहो, पण ते तर गेले ना!"

"गेले म्हणूनच म्हणते," मी म्हणाले, आणि माझा आवाज एवढा चढला की वायरमन दोन पावलं मागं सरला.

सायकल मारत मी उस्मानपुऱ्यावरून शहरात गेले. गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं घर. बायका बसल्या होत्या. मी चाचीजवळ गेले आणि मान खाली घालून फ्यूज मागितला. मला तोंड वर करवेना. मयताच्या घरी येऊन कुणी असलं काही मागतं का?

चाची आत गेल्या. खुंटीवरचा शर्ट तसाच घेऊन आल्या आणि माझ्यासमोर खिसा रिकामा केला. दोन फ्यूज निघाले. एक पांढरास्वच्छ. दुसऱ्याचा कोपरा फुटलेला, एका बाजूनं काळा पडलेला.

"शर्ट धोने से पहले रोज निकालते, सुबह फिर डालते," चाची म्हणाल्या. "ये काला किसका, पूछा तो बोलते, अमानत है." मग तो पांढऱ्यासोबत माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली. "उनके साथ तो दे नहीं सकते. तू रख."

परत आले. खाकी ॲप्रन घातला, दोन्ही फ्यूज खिशात टाकले. माळीमामांना वर उभं केलं. "मी आले म्हणल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका." टाकीत उतरले. व्हॉल्व्हच्या जाळीत कागद आणि पाला अडकला होता, तो हातानं काढला. चाचांनी जे करायचं ठेवलं होतं तेच. वर येऊन माळीमामांसमोर उभी राहिले. "आले," मी म्हणाले.

हात कोरडे केले आणि टाकीच्या तोंडाशी वाकले. "कोन है अंदर?" माझाच आवाज फिरून वर आला. "कोन है अंदर?"

"पोरी," माळीमामा म्हणाले, "तू तर आलीस वर. आता कुणाला हाका मारतीस?"

तिसरी हाक द्यायची होती, आणि ती आता दोघांची झाली होती. एकाचं नाव मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांना मी चाचा म्हणायचे, म्हणून तेवढंच म्हणाले. "चाचा, आलात का?"

खाली पाणी हलत होतं. ते शांत होईपर्यंत मी थांबले. मग पांढरा फ्यूज लावला.