गोपाळी बोलणारा दुसरा माणूस

खासगी बाजारातल्या गोपाळकृष्णपंतांनी स्वतःची एक भाषा तयार केली होती. हसू आलं तर हसा. आमचं सगळं लष्कर शहर हसून झालं आहे.

पंत तरुणपणी एका जर्मन फिटरच्या हाताखाली होते. गिरणीतली यंत्रं बसवता बसवता त्याच्याकडून ते जर्मन शिकले. चौदा साली लढाई पेटली, फिटरला सरकारनं नेलं आणि जर्मन बोलणाऱ्याकडे पोलीस वळून बघायला लागले. पंत मास्तरकीला लागले, पण जिभेची सवय जाईना. तेव्हा त्यांनी जर्मनच्या वळणाची, पण जर्मन नसलेली भाषा रचली. म्हणजे कुणी विचारलं तर खोटं बोलायला नको. लोक तिला गोपाळी म्हणत.

गोपाळीत मी म्हणजे 'इक', तू म्हणजे 'दुन'. आपण सगळे 'विर', आणि दोघंच असलो तर 'वित'. तुम्ही-आम्ही, हुजूर-सरकार काही नाही. जर्मनमध्ये मानाचा शब्द होता, तो पंतांनी मुद्दाम गाळला. दिवसभर वाकून कंबर दुखते, म्हणायचे, एका भाषेत तरी ताठ बसू दे.

अडचण एवढीच, की 'दुन' म्हणायचं कुणाला? दुर्गाबाईंनी साफ सांगितलं होतं की नवऱ्याला अरे-तुरे करायला काही मी शिकायची नाही.

पुढं जयसिंहराव आले. एका सरदाराचे चिरंजीव, पंतांकडे इंग्रजी शिकायचे. इंग्रजीपेक्षा त्यांना हीच गंमत आवडली. दाराशी पंत रीतसर मुजरा करत. आत गेलं की दोघं एका बाजेवर, 'दुन' आणि 'दुन'. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणायचा, "झगड़ रहे हैं कि हँस रहे हैं, भगवान जाने." अशी काही वर्षं गेली. ती पंतांची सुखाची वर्षं. दुसरा बोलणारा असला तर ती भाषा, नाहीतर नुसतं पुटपुटणं, असं त्यांचं मत होतं.

मग जयसिंहरावांचे वडील वारले, सरदारकी त्यांच्याकडे आली आणि पंतांना हवेलीवर बोलावणं आलं. कारभारी विश्वासराव शेजारी उभे होते. जयसिंहराव अवघडून म्हणाले, "मास्तर, गोपाळीत एक मानाचा शब्द वाढवा. आमच्यापुरता. म्हणजे आम्हाला येत राहता येईल."

पंतांना शब्द तिथल्या तिथं सुचला होता, चांगला भारदस्त, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. तो त्यांनी गिळला.

"मराठीत सरकार म्हणतील तितका वाकेन," ते म्हणाले. "तिकडं वाकायची सोयच ठेवलेली नाही."

जयसिंहराव रागावले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले, तेही मराठीत. त्यानंतर ते आले नाहीत. पंत शाळेतून येऊन बाजेवर गप्प बसू लागले. दुर्गाबाईंना वाटलं पोट बिघडलं असेल, त्या ओवा देत राहिल्या.

दिवाळीत हवेलीवरून फराळाचं ताट आलं. ते घेऊन आला होता संभाजी, जयसिंहरावांचा मोतद्दार. मालक आत बसायचे तेव्हा हा इतकी वर्षं खिडकीखाली घोडा धरून उभा असायचा. ताट खाली ठेवून त्यानं पंतांकडे नीट पाहिलं आणि अडखळत, पण गोपाळीतच म्हणाला की दुन फार बारीक झालास.

पंतांचे कान लाल झाले. "कुणाला म्हणतोस रे?"

"तुम्हालाच, मालक. मराठीत म्हणायची माझी काय बिशाद. पण त्या बोलीत दुसरा शब्द कधी कानावर आलाच नाही."

पंतांनी करंज्यांचं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग त्यांनी संभाजीचं क्रियापद दुरुस्त केलं आणि सरकून बाजेवर त्याला जागा दिली. सरकायला जरा वेळ लागला, पण सरकले.