सीटची पिन

गेली बावीस वर्षं मी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ एमआयडीसीत, एका सूतगिरणीत मेंटेनन्सचं काम पाहतो. हाताखालची माणसं पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पट्ट्यावरच्या जाळीचा एक नट जरी कमी दिसला तरी मी मशीन बंद करवतो, आणि ज्यानं तो लावला नाही त्याला सगळ्यांसमोर झापतो. झापताना माझं तोंड फार घाणेरडं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचंय ते अडाणीपणातून झालं असं कोणाला वाटू नये.

आई अकोल्याला एकटी राहायची. वडिलांनी बांधलेलं दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, ओट्याला चार पायऱ्या, मागे शेवग्याचं झाड. वडील गेले तरी ती तिथून हलली नाही. मी दर रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरायचो, तिचं सिलिंडर, औषधं, गळका नळ वगैरे उरकायचो आणि संध्याकाळी परतायचो. दोन वर्षांपासून तिचा डावा गुडघा पार गेला होता. भिंतीला धरून चालायची. शेवटी पोळा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी अकोल्यातच ऑपरेशन केलं आणि गुडघा बदलला.

दवाखान्यातच मी तिला अट घातली. दिवाळीपर्यंत ओट्याच्या चार पायऱ्या कोणाचा हात न धरता चढून-उतरून दाखवायच्या. जमलं तर राहा इथंच. नाही जमलं तर घराला कुलूप आणि अमरावतीला माझ्याकडे.

"अन् चढली तं?" तिनं विचारलं.

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"आन घे."

मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर ती माझ्याकडे यायला हवी होती असं नाही आणि नको होती असंही नाही. मला माझा रविवार हवा होता. पण हे आईला कसं सांगणार? म्हणून अट. कामगाराला घालतात तशी, तारीख देऊन.

डॉक्टर म्हणाले, घरी एक जागेवरची सायकल आणा, गुडघा मोकळा व्हायला तिच्यासारखं काही नाही. मी अमरावतीहून घेऊन गेलो. खोक्यातून सुटे भाग काढले, पाने-स्क्रू ड्रायव्हर माझ्या पिशवीतले वापरले आणि तासाभरात समोरच्या खोलीत उभी केली. एक फरशी खचलेली होती, म्हणून सायकल हातभर सरकवली. खाली रबरी चटई टाकली. चारही पाय टेकलेत ना, हे वाकून वाकून पाहिलं. आई पलंगावरून पाहत होती. "एवढं तं तू तुह्या लग्नात बी पाह्यलं नसन," म्हणाली.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी सीट लावून दिली, चांगली उंच. सीट उंच असली की पाय वर येताना गुडघा कमी वाकतो, खाली असली की जास्त. आईचा गुडघा अजून काटकोनातही येत नव्हता. त्यांनी सीटच्या दांड्यावर नेलपॉलिशनं लाल खूण केली आणि म्हणाल्या, याच्याखाली सीट जाऊ द्यायची नाही. वजनाची चकती शून्यावर. पायातले पट्टे सैल. आधी पेडल नुसतं मागे-पुढे, पूर्ण फेरा नंतर. दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी. गुडघा गरम लागला किंवा सुजला तर थांबायचं. शेजारी कोणी असल्याशिवाय चढायचं नाही. आणि दर वेळी बसण्याआधी सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन पाहायचं. हलली तर बसायचं नाही.

आईनं हे सगळं शाळेतल्या पोरीसारखं म्हणून दाखवलं. गाऊन घालायला मात्र ती तयार झाली नाही. समोरच्या खोलीत, दारातून दिसतं तिथं, गाऊन? तरुणपणी कपाशीच्या निंदणाला जाताना खोचायची तसं तिनं लुगडं घट्ट खोचलं आणि पाटावर पाय देऊन चढली. शेजारच्या काकू स्वयंपाकघरात तिचा कुकर लावता लावता लक्ष ठेवायच्या.

पहिले काही दिवस पेडल अर्ध्यावरून परत येई. ती ओठ चावून पुन्हा ढकलायची. मग एका सकाळी मला फोन आला. मी खात्यात होतो, मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना. बाहेर जाऊन पुन्हा लावला तर ती ओरडत होती, "पाय गेला रे पलीकडं! पुरा फेरा झाला!" इतक्या मोठ्यानं ती मी पास झालो तेव्हाही ओरडली नव्हती. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी असंही मनात आलं की आता रविवार काही सुटत नाहीत. दोन्ही वाटलं. लपवून काय करू.

आता पाहुण्यांचं. ऑपरेशन झालेल्या माणसाला पाहायला येणं आमच्याकडे कोणी चुकवत नाही. लग्न चुकवतील, हे नाही. रोज दोन-तीन माणसं. टाके पाहायचे, आपल्या ओळखीतल्या कोणाचा गुडघा कसा बिघडला ते आजाऱ्यासमोरच रंगवून सांगायचं, चहा घ्यायचा. आणि आमच्याकडे तर खोलीच्या मधोमध सायकल. जो तो विचारी, "बसून पाहू का?" आई आधीच म्हणायची, "पाह्य न बस्सून!" तिला तिचा केवढा अभिमान. मग येणारा आपल्या मापानं सीट खाली-वर करी, चकती फिरवी, चार पेडलं मारी आणि "मस्त हाय बाप्पा" म्हणून उतरे. रविवारी मी गेलो की सीट लाल खुणेपासून कुठल्या कुठे गेलेली असे. मी ती जागेवर आणायची आणि आठवडाभर काकूंनी तिच्यावर नजर ठेवायची.

मी एक पाटी लिहून हँडलला बांधली होती, हात लावू नये. आईनं ती त्याच दिवशी सोडली.

"आलेल्या पाव्हन्याले हात लावू नको म्हनू? काहून, त्यायच्या हाताले काटे हायेत?"

"आई, हे तुझ्या पायाचं मशीन आहे."

"मानसं माह्या पायासाठीच येऊन राहिले न?"

गिरणीत असं कोणी मला ऐकवलं असतं तर मी त्याला दारापर्यंत सोडून आलो असतो. घरी मी पाटी पिशवीत टाकली. पाव्हण्याला नाही म्हणणं मलाही जमत नाही, हे त्यातलं खरं.

नवरात्रातल्या रविवारी मामा आले. आईचे धाकटे भाऊ, धामणगाव रेल्वेकडच्या खेड्यात शेती, बुटके आणि अंगानं चांगलेच भारी. आल्या आल्या सायकल पाहिली आणि धोतर आवरून बसलेच. सीट पार तळाला नेली, चकती शेवटपर्यंत फिरवली आणि जोर लावता लावता सांगू लागले, तरुणपणी कॅरिअरवर सरकीचं पोतं टाकून ते बाजाराला कसे जायचे आणि वाटेत कुत्रं मागे लागलं तर काय व्हायचं. आई हसून हसून खोकायला लागली. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मामा आणि मी एकाच गाडीनं निघणार होतो. दारात ऑटो उभा, ऑटोवाला हॉर्न वाजवतोय, मामा ओट्यावरून हाक मारताहेत, "चाल रे लेका, गाडी चुकते!" मी सीट जागेवर आणायला वाकलो. ती अशी असते, दांड्याला भोकं, आणि बाहेरच्या नळीत स्प्रिंगची पिन. पिनीची मूठ ओढायची, सीट उचलायची, मूठ सोडायची. पिन भोकात शिरली की खट् असा आवाज येतो. मग मूठ पिळून घट्ट करायची. मी ओढली, लाल खुणेपर्यंत उचलली, सोडली, पिळली, आणि तोंडानं मामांना आलो आलो म्हणत होतो. खट् आवाज आला की नाही ते मला आठवत नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. आठवतं. आला नाही. सीटवर हात दाबूनही पाहिला नाही.

पिन दोन भोकांच्या मध्ये, नुसती दांड्यावर दाबून बसली होती. आईचं वजन ते किती. सोमवार, मंगळवार, बुधवार सीट टिकली.

गुरुवारी सकाळी काकूंचा फोन आला. आई सायकलवर होती, काकू कणीक मळत होत्या, एकदम धाडकन आवाज झाला. सीट सरळ तळाला गेली होती. डावा पाय पेडलच्या पट्ट्यात अडकलेला, नेमका वर आलेला, आणि अंगाचा सगळा भार त्या वाकलेल्या गुडघ्यावर. तशीच ती बाजूला कलंडली होती.

डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा तुटलाय. पुन्हा ऑपरेशन. मग दीड महिना पाय सरळ ठेवून पट्टीत. "नंतर किती वाकेल?" मी विचारलं. ते म्हणाले, जे होईल त्यात समाधान मानायचं. पायऱ्यांचं मी विचारलंच नाही.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन सायकल पाहिली. सीट वर ओढली, तर दांड्यावर बरोब्बर दोन भोकांच्या मधून वर गेलेला ताजा ओरखडा होता. गिरणीत असा ओरखडा मी पाच मिनिटांत वाचला असता आणि माणसाचं नाव सांगितलं असतं. दवाखान्यात परत गेलो तर काकू चार बायकांना सांगत होत्या, "रविवारी याहिचे भाऊ बसले व्हते न, त्याईनंच खाली केल्ती." आई डोळे मिटून पडली होती. डोळे न उघडता म्हणाली, "हो. त्यानंच केल्ती."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली. एवढंच केलं मी, मान हलवली.

गोष्ट सगळ्या गोतात पसरली. मामा दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात धावत आले. आईनं भिंतीकडे तोंड केलं. ते दोन तास बाकावर बसले आणि गेले.

दिवाळीच्या चार दिवस आधी आम्ही अकोल्याचं घर बंद केलं. आईला खुर्चीत बसवून, ड्रायव्हर आणि मी, त्या चार पायऱ्या खाली उतरवली. तिनं डोळे मिटून घेतले होते. गाडीत ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसली.

भाऊबीजेला मामा अमरावतीला आले. येतील असं मला वाटलं नव्हतं. आईला बसूनच ओवाळावं लागलं. तिनं ताट फिरवलं, कुंकू लावलं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मामांनी तिच्या मांडीवर साडी ठेवली आणि एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. "बाई, म्या बसाचंच नव्हतं वं त्या सायकलवर. माह्या वजनानंच ते ढिलं झालं. तुह्यं घर माह्याच्यानं बंद झालं." आईनं ताट बाजूला ठेवलं. मी चिवड्याची बशी हातात धरून तिथंच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. मामांनी चहाही घेतला नाही. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो आणि तिथंही बोललो नाही.

परत आलो तेव्हा आई साडीची घडी पाहत होती. मग मला राहवेना. तिच्या पलंगाजवळ बसलो आणि सांगितलं. मामा उतरल्यावर सीट मीच लावली होती. पिन बसली नव्हती. मला माहीत होतं.

"मले बी मालूम हाय," ती म्हणाली. "मी पाहूनच राहिल्ती न पलंगावरून."



"बुधवारी सीट हलून राहिल्ती," ती साडीकडेच पाहत बोलत होती. "दाबून पाह्यली मी. हलली. पन तुले सांगतलं असतं तं तू म्हनला असता, रविवारी मी येतो, तवरीक बंद ठेव. चार दिवस गेले असते माह्ये. दिवाळी काय थांबनार व्हती का?"

चार दिवस. ते तिनं माझ्या तारखेतून वाचवले होते. मला स्वतःची इतकी शिसारी आली की तिथून उठून जावंसं वाटलं. मी म्हटलं, "मग मामाचं नाव काहून घेतलं? त्याचा तर काहीच दोष नव्हता."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माझ्या घरातली खोली, माझा पलंग, माझी भिंत, सगळ्यावरून एकदा नजर फिरवली आणि हळूच म्हणाली, "तुह्यं नाव घेतलं असतं, तं मी राहाची कुठं?"

मामांना मी अजून सांगितलेलं नाही.