दशरथच्या बायकोची पत्रं

बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही, ज्या वहीपाशी सगळं ओकतो तिलाही नाही. तुम्हाला सांगतो. का — ते विचारू नका, मलाच माहीत नाही.

लोक विचारतात, इतकी वर्षं लिहिण्याचा उत्साह कसा टिकवलात? मी म्हणतो, रोज पहाटे बसायचं, सुचो न सुचो. टाळ्या पडतात. थाप आहे ती, निव्वळ थाप! पहाटे बसून मला कधीच काही सुचलं नाही. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार?

पन्नास सालानंतरची, सुरुवातीची वर्षं. पिंपरीला कारखाना उभा राहत होता आणि मी तिथं स्टोअरमध्ये कारकून होतो. बांधकामावरच्या माणसांची पत्रं लिहून द्यायचो, आलेली वाचून दाखवायचो. लिहिता येणाऱ्यानं ते करायचं, असा रिवाजच होता. त्यांत दशरथ होता, बीडकडचा गवंडी. अंगानं दांडगा, पण बायकोचं पत्र आलं की माझ्यासमोर उकिडवा बसून अंगठ्यानं माती उकरायचा. ती — सोनाबाई — तिकडं गावच्या शाळामास्तरांकडून लिहून घ्यायची, आणि ते बिचारे ती बोलेल तसंच उतरवायचे. काय बोलायची! शेळी व्याली, एवढंच सांगायची, पण मी तेच पुन्हा पुन्हा वाचायचो. मी ती पत्रं उतरवून घ्यायला लागलो. नावं बदलली, गोष्ट केली, पुण्याच्या एका मासिकाला धाडली. छापून आली. संपादकांचं कार्ड आलं, पुढचा भाग पाठवा. माझं लिखाण कुणीतरी मागितलं होतं — जन्मात पहिल्यांदा.

एवढी चोरीच असती, तर आज तोंड उघडलं नसतं.

दशरथला भोसरीत खोली मिळाली. हरखून आला. म्हणाला, "भाऊसाहेब, लिवा तिला. खोली झालीय, ये म्हनावं."

मी लिहायला घेतलं, आणि — हात थांबला. ती आली तर पत्रं बंद. मग मी काय लिहिणार? परत कोरडा ठणठणीत! मी लिहिलं, तब्येत बरी आहे, काम चालू आहे, काळजी नसावी. वाचून दाखवताना मात्र 'ये' वाचून दाखवलं.

तिचं उत्तर आलं, मला कवा नेतासा? मी वाचून दाखवलं, सुगी झाली की येते. असं एकदा नाही — तीनदा केलं. दर पत्राला ती जास्त कळवळायची, आणि माझी गोष्ट जास्त चांगली व्हायची. मला त्याचा आनंद व्हायचा, हेही सांगून टाकतो. स्वतः जाऊन घेऊन येतो, असं तो एकदा म्हणाला. मीच समजावलं, कशाला खाडे करतोस, येईल ती.

मग तिच्या भावाचं पत्र आलं. नवऱ्यानं टाकली असं धरून त्यांनी पंचांपुढं काडीमोड केली होती आणि तिचा दुसरीकडं पाट लावून दिला होता. हे मात्र वाचावंच लागलं. दशरथ अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "माजं काई बोलली का वो ती? बगा की नीट."

होतं. खाली एक ओळ होती. सोना गाडीत बसंपर्यंत रस्त्याकडं बघत हुती, तुमी याल म्हणून.

मी म्हणालो, नाही रे, काही नाही.

त्यानं खोली सोडली, काम सोडलं. कुठं गेला, मी चौकशीसुद्धा केली नाही. त्याच आठवड्यात ती ओळ मी गोष्टीच्या शेवटी घातली. गोष्टीला बक्षीस मिळालं, माझं नाव झालं. अजूनही कुणी भेटलं की म्हणतं, शेवट काय साधलाय हो तुम्ही!

मी आभार मानतो.