दिलं ते बोललं

“दिलं ते बोललं, खलास!” असं म्हणून चहाचा ग्लास टेबलावर ठक्कन टेकवणारा एक माणूस आज मला तुम्हाला दाखवायचा आहे, मुलांनो. आजच का, तर परवा फोनवर रिया चिडली होती. तिच्या नव्या नोकरीत सरकारी अधिकाऱ्याला जेवायला नेलं तर ते कळवावं लागतं. “आजी, इट्स जस्ट डिनर!” ती म्हणाली. मला हसू आलं, कारण हाच नियम कुणीही सांगितलेला नसताना पाळणारा माणूस मी दुबईत पाहिला होता.

नव्वदच्या दशकात मी दुबईच्या करामा भागातल्या एका बांधकाम कंपनीत सेक्रेटरी होते. हा माणूस आमचा पीआरओ, म्हणजे व्हिसा, परवाने, नकाशांची मंजुरी यांसाठी सरकारी ऑफिसांत खेटे घालणारा. खेडकडचा कोकणी मुसलमान. अरबी अशी बोलायचा की समोरचा त्याला आधी बसायला खुर्ची द्यायचा आणि मग काम विचारायचा. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणत असू.

तेव्हा सुट्टी शुक्रवारी असे. गुरुवारी दुपारी सगळ्यांचा एकत्र चहा व्हायचा. तेव्हा चाचा उभे राहायचे आणि त्या आठवड्यात कुठल्या सरकारी साहेबावर काय खर्च केला ते खड्या आवाजात सांगायचे. “पालिकेच्या इंजिनिअरसाहेबांना बिर्याणी. पंधरा दिरहम.”

“म्हणजे दीडशे रुपये!” आमचा सांगलीचा ड्राफ्ट्समन ओरडायचा. “चाचा, आम्हाला कधी?”

“तू साहेब हो, मग खिलवतो. आणि तुझंपण नाव बोलतो.”

एकदा म्हणाले, “या आठवड्यात उलटं झालं. साहेबानेच मला शावरमा खिलवला. कंपनी फायद्यात!”

ईदची मिठाईसुद्धा ते कुणाच्या घरी पोचवत नसत. ऑफिसच्या काउंटरवर डबा उघडून ठेवायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “बाई, घरी नेलेला डबा एकट्याचा होतो. मग तो बोलत नाय, आपणपण बोलत नाय. काउंटरवर शिपाईपण खातो.”

मग मुंबईहून नवे जनरल मॅनेजर आले. अल क्वोजमध्ये कामगारांच्या राहण्याची इमारत बांधायची होती आणि तिचा नकाशा पालिकेत अडकला होता. जिना अरुंद होता. मजल्यावर एक खोली जास्त बसवायची म्हणून आम्हीच तो आवळला होता. साहेबांनी चाचांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

“हे घड्याळ इंजिनिअरच्या घरी देऊन या.”

“देतो, साहेब. पण गुरुवारी बोलणार.”

“चाचा, ही काय गावची सभा आहे? गप्प बसायचं.”

“गप्प बसणारा माणूस दुसरा बघा.”

“बघतोच. व्हिसा कॅन्सल करतो, मग बोला गावाला जाऊन!”

व्हिसा कंपनीच्या हातात, तो गेला की तिथलं घर गेलं, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. चाचांची मुलगी शारजात बारावीला होती, परीक्षा तोंडावर आली होती. बाहेर आल्यावर चाचांनी माझ्याकडे पाणी मागितलं. घड्याळाची डबी त्यांच्या हातातच होती.

गुरुवारी साहेब पहिल्यांदाच चहाला येऊन बसले, अगदी समोर. मला वाटलं, चाचा आज उठणार नाहीत. उठू नयेत असंही वाटलं. त्या मुलीला मी ओळखत होते.

चाचा उठले. “इंजिनिअरसाहेबांना एक सुलेमानी, बिनदुधाचा चहा. एक दिरहम.” मग साहेबांकडे बघून म्हणाले, “आणि एक घड्याळ. द्यायला सांगितलं होतं, दिलं नाय. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. खलास.”

तेवढ्यात ड्राफ्ट्समन उठून म्हणाला, “साहेब, मी जिना रुंद करून बघितलाय. मजल्यावरची एक-एक खोली जाते. पण नकाशा सुटतो.”

त्याने गुंडाळी उघडून चहाच्या ग्लासांमध्येच पसरली. साहेब नकाशावर वाकले. मला वाटतं, त्यांनाही बाहेर पडायला वाट हवी होती. “यल्ला, चला, आणा पेन,” ते म्हणाले.

शनिवारी चाचा नकाशा घेऊन गेले. थोड्याच दिवसांत शिक्का मारून घेऊन आले. व्हिसाचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही, आणि मुलीने परीक्षा शारजातूनच दिली. ते घड्याळ मात्र पुढे साहेबांच्याच मनगटावर दिसू लागलं. चाचा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, “साहेब, शोभतं हं तुम्हाला!” आणि साहेब हात बाहीत ओढायचे.

दोन हजार सालानंतर चाचा गावी परतले. त्यानंतरच्या गुरुवारी चहा आला तेव्हा आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. शेवटी ड्राफ्ट्समन उठला आणि लाजत लाजत म्हणाला, “पालिकेत दोन कॉफ्या पाजल्या.” आवाज चाचांसारखा खडा नव्हता, पण शेवटच्या टेबलापर्यंत पोचला.

चाचा आता नाहीत. ती कंपनीही बंद झाली. अल क्वोजमधली ती इमारत उभी आहे, आणि सकाळी कामाला निघालेली माणसं तिच्या जिन्यावरून एकमेकांना धक्का न लावता उतरतात.